युनियनने ‘प्रशिक्षणाचं तुम्ही बघा’ म्हटल्यावर

युनियनच्या बैठकीत कामं वाटली जातात तेव्हा पगारवाढ, बदल्या, चौकशीची प्रकरणं जुनी मंडळी आधीच आपल्याकडे ओढून घेतात. मग कुणीतरी विचारतं, “आणि प्रशिक्षणाचं?” खोलीत क्षणभर शांतता पसरते आणि सगळ्यांच्या नजरा सगळ्यात नव्या माणसाकडे वळतात. तो नवा माणूस तुम्ही असाल, आणि तुमची नोकरी सार्वजनिक सेवेत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिलं आहे.

हे काम बिनमहत्त्वाचं समजलं जातं. मी स्वतः सुरुवातीला तसंच समजत होतो. वर्षभर सूचनाफलकावर कोर्सची पत्रकं लावली, कुणी आलं नाही, आणि “आपल्या लोकांना शिकायचंच नाही” असं म्हणून मोकळा झालो. ते साफ चुकीचं होतं. का, ते खाली येईलच.

आधी दुखणं ओळखा

रुग्णालय, पाणीपुरवठा, शाळा, कर कार्यालय, कुठलीही सार्वजनिक सेवा घ्या. ज्यांच्याकडे आधीच पदवी आहे त्यांना आणखी शिकायला मिळतं. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली त्यांना आग लागल्यावर नळकांडं कसं धरायचं एवढं दाखवतात, तेही वर्षातून एकदा, उभ्याउभ्या.

यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधू नका, व्यवस्थाच तशी लागलेली असते. डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांना अनेक देशांत नोंदणी टिकवायची तर शिकत राहावंच लागतं, त्यामुळे संस्थेलाही त्यांना पाठवावं लागतं. सफाई कामगार, वॉर्डातली मदतनीस, स्वयंपाकघरातला माणूस, शिपाई यांच्या पाठीशी असा कुठलाच नियम नाही. प्रशिक्षणाचा पैसा विभागप्रमुखाच्या हातात, नाव सुचवायचा अधिकारही त्याच्याच हातात, आणि परिपत्रक येतं ई-मेलवर. झाडू मारणाऱ्याला ऑफिसचा ई-मेल कुणी दिलेला असतो? टेबलावरचा माणूस दोन दिवस नसला तर फायली थांबतात, आणि फायलींना थांबायची सवय असते. मदतनीस दोन तास नसली तर रुग्ण खोळंबतो, म्हणून तिला सोडत नाहीत. जिच्यावाचून सगळ्यात जास्त अडतं, तीच सगळ्यात घट्ट अडकलेली.

आता या खालच्या श्रेणींत कोण असतं ते पाहा. जगभर बहुतेक ठिकाणी बायका, अल्पसंख्य समाजातली माणसं, स्थलांतरित, अर्धवेळ आणि कंत्राटी कामगार. म्हणजे प्रशिक्षणातला श्रेणीचा भेद आपोआप स्त्री-पुरुष भेद होतो, समाजासमाजातला भेद होतो. नियमात तसं कुठे लिहिलेलं नसतं, म्हणूनच तो दाखवून द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५८ साली नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध जो १११ क्रमांकाचा करार केला, त्यात ‘नोकरी’ या शब्दाच्या व्याख्येतच व्यावसायिक प्रशिक्षणाची संधी धरलेली आहे. प्रशिक्षण कुणाला मिळतं हा भेदभावाचा प्रश्न आहे, हे तुम्हाला कुठल्याही टेबलावर ठासून सांगता येईल.

पहिली पायरी: तास मोजा, डोकी मोजू नका

पहिल्याच आठवड्यात एक वही घाला. गेल्या वर्षी कोण कुठल्या प्रशिक्षणाला गेलं हे आस्थापना विभागाकडे लेखी मागा. तोंडी मागितलं तर तोंडीच विसरलं जातं. रकाने असे आखा: श्रेणी, स्त्री की पुरुष, कायम की कंत्राटी, पाळी कुठली, प्रशिक्षण कशाचं, किती तासांचं, कामाच्या वेळेत की स्वतःच्या, नाव कुणी सुचवलं, आणि त्यानंतर पद किंवा पगार बदलला का. माणसांची नावं नकोत, संख्या पुरे.

तासांवर माझा एवढा भर का? समजा ४० सफाई कामगारांना अर्ध्या अर्ध्या तासाचा अग्निसुरक्षेचा धडा दिला आणि ४ अधिकाऱ्यांना पाच दिवसांच्या, रोज सात तासांच्या परिषदेला पाठवलं. वार्षिक अहवालात छापून येईल, ‘४४ कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, त्यातले ४० खालच्या श्रेणीतले’. वाचणाऱ्याला वाटेल, वा, काय समता! तासांत मांडा: ४० जणांचे मिळून २० तास, चौघांचे १४०. आकडे त्याच घटनेचे आहेत.

दुसरी चाळणी लावायची ती सक्तीच्या प्रशिक्षणाची. सुरक्षा, संसर्ग, नवीन संगणक प्रणाली हे संस्थेच्या गरजेचं असतं, ते व्हायलाच हवं. पण त्याने माणूस पुढे सरकत नाही. त्याची बेरीज वेगळी ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ही चाळणी लावल्यावर खालच्या श्रेणीसमोर जवळपास शून्य उरलं.

“अशी नोंद आम्ही ठेवत नाही” असं उत्तर आलं तर वैतागू नका. ते पत्र जपून ठेवा, वाटाघाटीत कामाला येतं. तोवर आपल्या सभासदांकडून आपली नोंद आपण करायची.

दुसरी पायरी: ऐका, आणि अर्ज वाटू नका

इथे घाई केली की सगळं फसतं. नवा प्रतिनिधी उत्साहाने छापील अर्ज वाटतो: तुम्हाला कुठला कोर्स हवा, खूण करा. ज्याला नीट वाचता येत नाही त्याच्या हातात तुम्ही कागद देता आणि तो परत आला नाही की म्हणता, इच्छा नाही.

वाचता न येणं लपवायला माणसं आयुष्यभर शिकलेली असतात. “चष्मा घरी राहिला.” “तूच वाच रे, माझे हात ओले आहेत.” “घरी नेऊन भरतो.” ही वाक्यं कानावर पडली की हसू नका आणि ओळखल्याचं दाखवूही नका. अशा माणसाची भीती खरी असते: वाचता येत नाही हे साहेबांना कळलं तर आहे ती नोकरी जाईल, निदान टिंगल होईल. प्रतिनिधी म्हणून तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी साहेबांकडे नाही. तुम्ही त्याच श्रेणीतले, त्याच पाळीतले आहात, त्याचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहीत नाही. ती वाया घालवू नका. कोण काय बोललं ते तुमच्यापाशी राहील हे आधी सांगा, आणि खरंच राहू द्या. पुढे शिकणाऱ्यांची यादी व्यवस्थापनाला द्यायची वेळ आली तर त्या यादीत ‘कशासाठी’ हा रकाना नसावा.

रात्रपाळीला जा. चहाच्या वेळेला जा. “काय शिकायचंय?” असं विचारलंत तर “आता काय शिकायचं या वयात” हेच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा असं विचारा: कामात कुठली गोष्ट दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते? मुलाच्या शाळेतून आलेलं पत्र कोण वाचतं? बढतीच्या परीक्षेला का बसला नाहीत? पगाराची चिठ्ठी कळते का? या उत्तरांत खऱ्या गरजा असतात, आणि त्यांतल्या निम्म्या नोकरीच्या कौशल्याच्या नसतातच.

ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवेतल्या कमी पगाराच्या कामगारांची ‘न्यूपे’ नावाची युनियन होती. १९०३ साली स्थापन झालेल्या कामगार शिक्षण संस्थेबरोबर तिने ‘रिटर्न टू लर्न’ हा कोर्स उभा केला. १९९३ मध्ये न्यूपे आणखी दोन संघटनांबरोबर एकत्र येऊन ‘युनिसन’ झाली, तेव्हा तो कोर्स पुढे चालू राहिला. झाडू कसा मारावा हे त्यात नव्हतं. लिहिणं, वाचलेल्याचा अर्थ लावणं, आपल्या अनुभवावर विचार मांडणं, असा गाभा होता. शाळेने ‘तुला जमणार नाही’ असं ज्यांच्या मनावर बिंबवलं होतं त्यांच्यासाठी हा उंबरा मुद्दाम ठेंगणा ठेवलेला होता. तुमच्याकडचा पहिला वर्गही असाच ठेवा. प्रमाणपत्राची घाई नको.

तिसरी पायरी: वर्गाच्या आधी वेळ मागा

सुरुवातीला सांगितलेली माझी चूक इथली. पत्रकं लावलेले कोर्स चांगले होते, फुकट होते, आणि दुपारी चारला होते. आमच्या सफाई विभागातल्या निम्म्या बायका पहाटेच्या पाळीला येत, दुपारी घरी जाऊन स्वयंपाक करत आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी कामाला जात. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, “दादा, चारला मी कुठे असते ते माहीत आहे का तुम्हाला?” मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी एका दमात मागतो: कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी, आणि जागेवर बदली माणूस. यातला तिसरा शब्द गळला की पहिले दोन कागदावर राहतात. बदली माणूस नसेल तर शिकायला गेलेल्याचं काम सोबतच्यांवर पडतं, आठवड्याभरात कुरकुर सुरू होते, आणि तिसऱ्या आठवड्यात शिकणारा स्वतःच येणं बंद करतो. साहेबांना नकार द्यायचीसुद्धा गरज पडत नाही.

ही मागणी अवास्तव आहे असं कुणी म्हटलं तर सांगायला बरंच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पगारी शैक्षणिक रजेचा करार, क्रमांक १४०, १९७४ सालचा आहे. कामाच्या वेळेत, पुरेशा आर्थिक हक्कांसह, असा त्याचा अर्थ त्यातच दिलेला आहे, आणि रजेचा उद्देश फक्त व्यवसायाचं प्रशिक्षण नव्हे तर सामान्य, सामाजिक आणि नागरी शिक्षण, तसंच कामगार संघटनेचं शिक्षण असाही धरला आहे. तुमच्या देशाने तो मान्य केला आहे का ते तपासा. केला नसेल तरी त्यातली भाषा मागणीपत्रात उसनी घ्यायला कुणाची हरकत नाही.

देशोदेशीचे नमुनेही पाहून ठेवा, त्यांतले फरक शिकवून जातात. स्वीडनच्या १९७४ च्या कायद्याने शिकण्यासाठी रजेचा हक्क दिला, पण त्या रजेचा पगार मालकाने द्यावा असं त्यात नाही. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत शैक्षणिक रजा पगारी आहे, साधारण वर्षाला पाच दिवस. मला सगळ्यात आवडतो तो फ्रान्सच्या सार्वजनिक सेवेतला नियम. तिथे कर्मचाऱ्याच्या खात्यात दर वर्षी प्रशिक्षणाचे २५ तास जमा होतात, कमाल १५० पर्यंत. पण सगळ्यात खालच्या ‘क’ वर्गातल्या, किमान पात्रता नसलेल्या कर्मचाऱ्याला वर्षाला ५० तास आणि कमाल ४०० मिळतात. ज्याच्याकडे कमी त्याला जास्त, हे तत्त्व तिथे भाषणात न ठेवता थेट तासांत लिहिलं आहे. सगळ्यांना सारखे दिवस मागण्यापेक्षा अशी उतरती मागणी करा. सारखे दिवस दिले की ते आधी वरचेच वापरतात.

चौथी पायरी: प्रमाणपत्र कुठल्या पदाला जोडलंय ते विचारा

वर्ग झाले, फोटो झाले, प्रमाणपत्रं वाटली. मग? वरची जागा निघते तेव्हा किमान पात्रता पदवीची असेल तर मदतनिसाचं प्रमाणपत्र कपाटात जातं. म्हणून दर कोर्सबाबत एकच प्रश्न लेखी विचारा: हे पूर्ण केल्यावर माणूस कुठल्या पदासाठी पात्र ठरतो? उत्तर ‘कुठल्याच नाही’ असेल तर तो कोर्स मनाला उभारी द्यायला ठीक, पण विषमतेवर उपाय म्हणून त्याचं नाव घेऊ नका.

हवी असते ती शिडी: मदतनीस, त्यावर प्रशिक्षित सहायक, त्यावर परिचारिकेचा मार्ग, आणि प्रत्येक पायरीवर अनुभवाला गुण. पंधरा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला रुग्ण कसा उचलायचा हे पहिल्या धड्यापासून शिकवणं हा तिचा अपमान आहे. तिला आधीच जे काम येतं त्याची परीक्षा घेऊन तेवढा भाग माफ करा, अशी मागणी करता येते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २००४ पासून ‘अजेंडा फॉर चेंज’ ही पगाराची रचना आली. डॉक्टर, दंतवैद्य आणि सर्वोच्च व्यवस्थापक सोडून बाकी सगळे एकाच मोजपट्टीवर, नऊ पट्ट्यांत बसवले, कामाचं मूल्यमापन केलं आणि त्याला ज्ञान-कौशल्यांची चौकट जोडली. दर वर्षी प्रत्येकाशी त्याच्या वाढीबद्दल बोलायचं, झाडणाऱ्याशीसुद्धा. कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरलं यावर वाद आहेत, पण प्रशिक्षण आणि श्रेणी एका कागदावर आणणं ही दिशा घेण्यासारखी आहे.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. व्यवस्थापन अचानक खालच्या श्रेणीला शिकवायला फार उत्सुक झालं की थांबा. पुष्कळदा परिचारिकेचं काम मदतनिसाच्या पगारात करून घ्यायचा तो बेत असतो. रक्तदाब मोजायला शिकवतात, मग मोजायला लावतात, पगार तिथेच. ‘नवीन कौशल्य वापरायला लावण्याआधी पदाचं फेरमूल्यमापन’ हे वाक्य करारात असल्याशिवाय अशा कोर्सला युनियनची संमती देऊ नका. सभासद तुमच्यावर चिडतील, कारण त्यांना शिकायचं असतं. त्यांना खोलीत बसवून हिशेब दाखवा.

पाचवी पायरी: तोंडी गोडी नको, करार हवा

साहेब चांगले असले की सगळं चांगलं चालतं, आणि साहेबांची बदली होते. म्हणून जे मिळालं ते लिहून घ्या. फार मोठा मसुदा लागत नाही: प्रशिक्षणाची नोंद श्रेणीनिहाय आणि तासांत दर सहा महिन्यांनी मिळावी, पैशाचा ठरावीक वाटा खालच्या श्रेणींसाठी राखून ठेवावा, नाव सुचवायचा अधिकार एकट्या विभागप्रमुखाकडे न राहता संयुक्त समितीकडे असावा आणि नकार आला तर त्याचं कारण लेखी मिळावं, बदली माणसाची तरतूद असावी, आणि प्रतिनिधीला या कामासाठी पगारी वेळ मिळावा. सार्वजनिक सेवेतल्या संघटनांच्या प्रतिनिधींना काम करता यावं म्हणून सोयी द्याव्यात, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७८ च्या १५१ क्रमांकाच्या करारात आहेच.

ब्रिटनचा अनुभव इथेही उपयोगी आहे, चांगला आणि वाईट दोन्ही. तिथे १९९८ मध्ये सरकारने युनियनच्या शिक्षणकार्यासाठी निधी सुरू केला. २००२ च्या कायद्याने युनियनच्या शिक्षण प्रतिनिधींना सभासदांच्या गरजा तपासायला, सल्ला द्यायला, व्यवस्थापनाशी बोलायला वाजवी पगारी वेळेचा हक्क मिळाला. हजारो प्रतिनिधी उभे राहिले. पण त्या कायद्याने मालकावर प्रशिक्षणाबद्दल वाटाघाट करण्याची सक्ती केली नाही. हक्क प्रतिनिधीच्या वेळेचा होता, प्रशिक्षणाच्या वाटपाचा नव्हता. आणि मार्च २०२१ मध्ये इंग्लंडमधला तो सरकारी निधी बंद झाला. प्रकल्पाच्या पैशावर उभी केलेली गोष्ट पैसा देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. निधी मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्याच काळात करारातलं कलम मिळवून ठेवा.

सहावी पायरी: आपलं घरही तपासा

हा भाग बैठकीत काढलात की काही चेहरे आंबट होतील. तरी काढा. युनियनच्या स्वतःच्या शिबिरांना कोण जातं? कार्यकारिणीत सफाई विभागाची बाई आहे का? बैठका कुठल्या वेळी होतात? तीच वही, तेच रकाने, आता युनियनसाठी.

युनियन आपोआप न्याय्य वागते असं नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या युनियनवर तिच्याच स्त्री सभासदांनी दावा लावला होता. स्थानिक प्रशासनात पगारांची फेररचना चालू असताना युनियनने पुरुषांचे पगार घसरू नयेत याला झुकतं माप दिलं आणि बायकांना मागच्या थकबाकीच्या दाव्यांत कमी रकमेवर तडजोड करायला लावली. २००८ मध्ये अपील न्यायालयाने हा स्त्रियांविरुद्धचा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. सगळ्यांचं भलं करायला बसलेल्यांकडूनही, ज्यांचा आवाज खोलीत मोठा त्यांचंच भलं आधी होतं.

कंत्राटी कामगारांचं तर याहून वाईट. ते त्याच वॉर्डात, त्याच फरशीवर राबतात, पण पगार दुसऱ्याच्या वहीतून, म्हणून ते प्रशिक्षणाच्या नोंदीत दिसतच नाहीत. तुमच्या मोजणीत त्यांना घ्या, सभासद नसले तरी. पुढच्या कंत्राटाच्या अटी ठरताना ‘कंत्राटदाराने प्रशिक्षणाचे इतके तास पगारी द्यावेत’ असं कलम घालायला सांगता येतं, पण ते निविदा निघण्याआधी. निविदा निघाल्यावर कुणी ऐकत नाही, त्यामुळे कंत्राट संपायची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

आणि सोबत एक दुसरा माणूस घ्या, शक्यतो तुमच्यापेक्षा वेगळ्या पाळीतला आणि खालच्या श्रेणीतला. वहीचा अर्धा भाग त्याच्या हातचा असू दे. तुमची बदली झाली किंवा तुम्हाला बढती मिळाली, की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी येऊन विचारेल, “तो चारचा वर्ग सकाळी होणार होता, त्याचं काय झालं?” त्याला उत्तर देणारं कुणीतरी तिथे असलं पाहिजे.